सिकलसेल आणि जन्माआधीचं रक्त
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला माझ्या क्षेत्राबद्दल बोलायला सांगितलं होतं. पण सॉफ्टवेअरबद्दल तुमची मुलंच तुम्हाला रोज ऐकवत असतील. मी आज सिकलसेलवर बोलणार आहे. या विषयात माझी पदवी नाही, पण तो माझ्या रक्तात आहे. मी वाहक आहे, म्हणजे ‘एएस’. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तपासणीत ते कळलं. मिस्टरांचा रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस कसे काढले, ते आमचं आम्हाला माहीत. त्यांचा ‘एए’ निघाला. तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचते आहे. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यामुळे जपून बोलते.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हे प्रोटीन आहे. त्यात चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. साखळी कशी विणायची याची मूळ सूचना डीएनएमध्ये असते. तिची कामापुरती नक्कल म्हणजे आरएनए. ही नक्कल वाचून पेशी प्रोटीन तयार करते. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये सूचनेतलं एकच अक्षर बदलतं आणि सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्यानं हिमोग्लोबिनचा स्वभाव बदलतो. ऑक्सिजन कमी पडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे, पाठ, पोट यांत ज्या असह्य कळा येतात, त्या त्यामुळे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस.

आता यातलं कोडं बघा. आजार जन्मजात आहे, तरी बाळ पहिले काही महिने ठणठणीत असतं. १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हे नेमकं टिपलं. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते आणि गॅमा असताना ते दांडे नीट बनतच नाहीत. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद होते, बीटा सुरू होते आणि साधारण सहा महिन्यांनी दुखणं डोकं वर काढतं.

माझ्यातल्या इंजिनिअरला इथे राहवलं नाही. गॅमाची सूचना पुसली जात नाही. जुना कोड तसाच असतो, फक्त बंद ठेवलेला. बंद कोण ठेवतं? बोस्टनमधल्या शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवलं की हे काम मुख्यतः बीसीएल-११-ए नावाचं एक प्रोटीन करतं. मग ते गर्भात का करत नाही? त्याचं उत्तर २०२० साली मिळालं. बाळाच्या पेशीतही या प्रोटीनचा आरएनए असतो, पण लिन-२८-बी नावाचं दुसरं प्रोटीन त्या आरएनएला धरून बसतं आणि त्याचं वाचन होऊ देत नाही. म्हणजे एक प्रोटीन आरएनए अडवतं, म्हणून दुसरं प्रोटीन बनत नाही, म्हणून गॅमा चालू राहते.

याच माहितीवर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढतात, एका आरएनएच्या मार्गदर्शनाखाली कात्रीसारखं प्रोटीन नेमक्या जागी नेतात आणि रक्तपेशींपुरता बीसीएल-११-एचा जोर कमी करतात. गॅमा पुन्हा सुरू होते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. वर जोरदार केमोथेरपी आणि रुग्णालयातला लांब मुक्काम.

ही किंमत ऐकून हताश होऊ नका. हायड्रॉक्सीयुरिया ही साधी कॅप्सूलही अनेक रुग्णांत गॅमाचं हिमोग्लोबिन वाढवते आणि कळांचे झटके कमी करते. ती आपल्याकडे मिळते. मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्त तपासूनच घ्यायची. पण गोळी देण्याआधी आजार माहीत व्हायला हवा, आणि आपल्या विदर्भात अडतं ते तिथेच.

म्हणून माझी तीन मागण्या आहेत.

पहिली, माजी विद्यार्थी संघाने दरवर्षी शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांची, पालकांच्या संमतीने, सिकलसेल तपासणी घडवून आणावी. राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू झाली आणि तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. सरकारी दवाखान्याशी बोलायचं काम मी घेते.

दुसरी मागणी शिक्षकांकडे. वारंवार गैरहजर राहणारा, हातपाय दुखतात म्हणणारा मुलगा कामचुकार असेलच असं नाही. त्याला वर्गात पाणी प्यायला आणि लघवीला जायला कधी अडवू नका. उन्हात उभं करू नका, पावसात भिजून थंडीत बसवू नका. पाणी कमी पडणं, थंडी आणि अति श्रम यांनी झटका येऊ शकतो.

तिसरी आपल्या सगळ्यांकडे. आई-वडील दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, असण्याची शक्यता चारात एक असते. एकटा वाहक सहसा आजारी नसतो. माझी मुलगी एएस आहे, आणि हे तिला तिच्या वयाच्या पंधराव्या वर्षीच माहीत आहे. आपली मुलं आता लग्नाच्या वयाकडे निघाली आहेत. पत्रिका जरूर जुळवा, पण आधी दोघांचे रिपोर्ट बघा. आणि कुणाचा रिपोर्ट एएस आला, तर त्याची गावभर चर्चा करू नका. लोक तपासणी टाळतात ते सुईच्या भीतीने नाही, चर्चेच्या भीतीने.

दुपारच्या सभेत तपासणीचा ठराव मांडते आहे. जेवणानंतर कुणी पळून जाऊ नका, हात वर करायला थांबा.