स्पीतीला कधी जायचं? आधी उतरायचा रस्ता बघा

तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न सारखा येतोय: "स्पीतीला जायला बेस्ट सीझन कोणता?" माझं उत्तर एका शब्दात, सप्टेंबर. पण ते उत्तर मला कसं मिळालं, ते आज सांगतो.

चार वर्षांपूर्वी, जुलैच्या शेवटी, मी आणि माझा मामेभाऊ मनालीहून काझाला निघालो. तारखा कशा ठरवल्या? दोघांची सुट्टी जुळली आणि तिकीट स्वस्त मिळालं, बस्स. पावसाचं काय, तर "स्पीतीत पाऊस पडत नाही" एवढं कुठेतरी वाचलं होतं. ते बऱ्यापैकी खरंही आहे. महाबळेश्वरला धो धो कोसळतो आणि माण-खटाव कोरडं राहतं ना, तसंच. ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिकामे होतात. पण आम्ही एक गोष्ट विसरलो. स्पीती कोरडी असली, तरी तिथे जाणारे रस्ते पावसातूनच जातात.

मनाली साधारण २,००० मीटरवर. वाटेत कुंझुम खिंड, ४,५०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त उंच. आणि काझा ३,६०० च्या पुढे. हे सगळं आम्ही एका दिवसात केलं. रात्री भावाचं डोकं ठणकायला लागलं. मग उलट्या. "अरे, ढाब्यावरचं बाधलं असेल," असं तोही म्हणाला आणि मीही मान डोलावली. पहाटे तो उठून उभा राहिला तर झोकांड्या जायला लागल्या. तेव्हा माझी तंतरली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, जरा स्थिर झाला की लगेच खाली घेऊन जा.

आता गंमत ऐका. खाली म्हणजे कुठे? मनालीकडे जायचं तर आधी परत कुंझुम चढायचा. म्हणजे उतरण्यासाठी जवळजवळ हजार मीटर वर! दुसरा रस्ता ताबोवरून किन्नौरकडे, सतलजच्या खोऱ्यात जाणारा. तो पुढे दरड कोसळून बंद. आम्ही ताबोपर्यंत गेलो, कारण तेवढंच शक्य होतं. काझापेक्षा तीन-चारशे मीटर खाली. दोन दिवस तिथे अडकलो. इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला गोंपा अगदी जवळ होता, पण मी आत गेलो नाही. खोलीत बसून भावाचा श्वास मोजत होतो. सुदैवाने तो सावरला.

तेव्हापासून सीझन ठरवताना मी फोटो नंतर बघतो. पहिला प्रश्न हा की दोन्ही रस्ते उघडे असतील का?

मे महिना: कुंझुमवर बहुतेक बर्फच असतो. शिमला-किन्नौरकडूनच जायचं आणि तिकडूनच परत यायचं. चंद्रताल विसरा.

जून: महिन्याच्या मध्याच्या आसपास कुंझुम उघडतो, पण नक्की तारीख बर्फ ठरवतो. दुपारी ऊन तापलं की बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून मनालीच्या बाजूने पहाटेच निघायचं.

जुलै-ऑगस्ट: स्पीती हिरवीगार. मटार, जव, सगळं शेतात. पण खालच्या रस्त्यांवर दरडींचा धोका. जायचंच असेल तर दोन-तीन दिवस राखीव ठेवा.

सप्टेंबर, विशेषतः दुसरा पंधरवडा: पाऊस ओसरायला लागतो, सहसा दोन्ही रस्ते चालू, आकाश स्वच्छ. किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायची घाई. रात्री मात्र कडाक्याची थंडी.

ऑक्टोबर: सुंदरच, पण बर्फ कधीही पडू शकतो. दिवाळीच्या सुट्टीवर कुंझुमचा भरवसा ठेवू नका.

हिवाळा: हिमबिबट्या बघायला लोक किब्बरला जातात तो हाच काळ. पारा उणे २० च्याही खाली, नळ गोठलेले, रस्ता फक्त किन्नौरकडचा. पहिल्याच वेळी हे धाडस नको.

आणखी एक. कुठल्याही महिन्यात जा, शक्यतो शिमल्याकडून चढा आणि मनालीकडून उतरा. वाटेत कल्पा, ताबो असे मुक्काम करत गेलं की शरीराला सवय होते. वर पोचल्यावर पहिले दोन दिवस पळापळ नको आणि दारू तर नकोच. डोकं दुखलं, मळमळलं, तर लपवू नका. त्रास असताना आणखी वर चढायचं नाही आणि तो वाढला तर उतरायचंच. गोळ्यांबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

मागच्या सप्टेंबरला मी परत गेलो, किन्नौरकडून, सहाव्या दिवशी काझाला पोचलो. भाऊ बरोबर होता. या वेळी ताबोचा गोंपा आम्ही दोघांनी आतून पाहिला.

तुमच्यातला कोणी सुट्टी टाकायच्या बेतात असेल, तर हा भाग त्याला आत्ताच पाठवा. भेटू पुढच्या भागात!