मोतीबिंदू काढल्यावर डोळ्याचा पडदा सांभाळा



आज खत-बियाण्याचे बोलणे बाजूला ठेवू. शेतीखात्याच्या माणसाने डोळ्यांवर का बोलावे, असे कोणी म्हणेल. पण मोतीबिंदूचे ऑपरेशन करून माणूस घरी येतो तो थेट शिवारात, आणि तिथं त्याची गाठ आमच्याशीच पडते.

भिंग बसले, स्वच्छ दिसू लागले, की आपण डोळा विसरतो. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. दिसते ते त्याच्यामुळे. ऑपरेशननंतर, कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनीही, हा पडदा फाटून सुटू शकतो. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद एका जागी फाटला, की पाणी खाली शिरते आणि कागद उचलला जातो, तसेच हे. शंभरात एखाद्याला, किंबहुना त्याहूनही कमी जणांना हे होते, म्हणून ऑपरेशन टाळू नये. मात्र ज्यांच्या चष्म्याला पूर्वीपासून मोठा मायनस नंबर आहे, ज्यांचे ऑपरेशन साठीच्या आत झाले, किंवा ज्यांच्या दुसऱ्या डोळ्याचा पडदा सुटलेला आहे, त्यांनी जास्त जपावे.

आता खुणा. अंधारात डोळ्यात वीज चमकल्यासारखे होते. चिलटांसारखे काळे ठिपके अचानक पुष्कळ दिसू लागतात. मग एका बाजूने सावली चढत येते. डोळा दुखत नाही की लाल होत नाही, आणि घात होतो तो इथंच. "मोतीबिंदू परत आला असेल, सुगी झाल्यावर बघू," असे म्हणून माणूस थांबतो. अहो, मोतीबिंदू परत येत नसतो! भिंगामागची पिशवी धुरकट होते खरी, पण ती हळूहळू, महिनोन्‌महिने, आणि लेसरने ते काम भागते. सावली मात्र तासा-दिवसांत चढते.

पडद्याला नुसती चीर असेल तर लेसरने तिच्या कडा पक्क्या करतात. नजरेच्या मध्यापर्यंत पडदा सुटला, तर मोठे ऑपरेशन करूनही पूर्वीसारखे दिसेलच असे नाही. म्हणून खळ्यावर रास पडलेली असली तरी त्याच दिवशी निघावे. पडद्याचे डॉक्टर तालुक्याला सहसा नसतात; कुठे जायचे ते ऑपरेशन केलेल्या दवाखान्यात आधीच विचारून ठेवावे.

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचा दोष झाकतो, बरं का. तेव्हा अधूनमधून एकेक डोळा हाताने झाकून बांधावरचे झाड पाहावे. मधुमेह असणाऱ्यांच्या पडद्याला ऑपरेशननंतर सूजही येऊ शकते. त्यांनी दिलेल्या तारखेची तपासणी चुकवू नये. आणि दवाखान्यात जाताना ऑपरेशनचा कागद बरोबर घ्यावा.