फलंदाजांच्या सरासरीचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर क्रिकेट हा विषय काहींना हलका वाटेल. पण सर्वांत थोर फलंदाज कोण, यावर आपल्या बुलढाण्यात ज्या हिरिरीने वाद होतात, तितक्या हिरिरीने निवडणुकीवरही होत नसावेत. या वादात शेवटी कोणीतरी आकड्यांचे पुस्तक उघडतो आणि सरासरी वाचून दाखवतो. तो आकडा वाचायचा कसा, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

सचिन तेंडुलकरची कसोटीतील सरासरी ५३.७८. विनोद कांबळीची ५४.२०. आकडा हाच पंच मानला तर कांबळी सचिनच्या वर बसतो. ही चूक छपाईची नाही. कांबळीने १७ कसोटींतील २१ डावांत १०८४ धावा केल्या, एकदा नाबाद राहिला. १०८४ ला २० ने भागा. त्याची चारही शतके १९९३ या एका वर्षातली आहेत आणि त्यांतली दोन द्विशतके लागोपाठच्या कसोटींतली. शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचे वय होते २३. सचिन २०० कसोटी आणि ३२९ डाव खेळला, चाळिशीपर्यंत खेळला. उतरत्या वर्षांचे ओझे त्याच्या सरासरीने वाहिले. कांबळीच्या सरासरीला ती वर्षे पाहावीच लागली नाहीत. तेव्हा सरासरी वाचण्यापूर्वी भाजक पाहावा.

खामगावच्या बाजारात कापसाची गाडी आली की वजन होतेच, पण भाव ठरवताना व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन धागा ओढतो आणि ओल पाहतो. फलंदाजाच्या धावांचेही तसेच आहे. एकच माणूस असा झाला की ज्याचा धागा ओढून पाहण्याची फारशी गरज पडत नाही. डॉन ब्रॅडमन. ८० डाव, ६९९६ धावा, सरासरी ९९.९४. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा झाल्या असत्या तर शंभर पुरे होते; होलीसने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केले. वीसहून अधिक डाव खेळून निवृत्त झालेल्या दुसऱ्या कोणाचीही सरासरी ६५ पर्यंत पोचलेली नाही. ब्रॅडमनला बाजूला ठेवू आणि आपल्या माणसांकडे वळू.

विजय मर्चंट, कसोटी सरासरी ४७.७२. विजय हजारे, ४७.६५. फरक सात शतांश धावेचा. पुस्तकात दोघे शेजारी बसतील. पण दोन्ही आकड्यांच्या मागे पाहिले तर वेगळेच दिसते.

मर्चंट १९३३ साली बॉम्बे जिमखान्यावर पहिली कसोटी खेळले आणि १९५१ साली दिल्लीला शेवटची. अठरा वर्षांत कसोटी किती? दहा. दहाही इंग्लंडविरुद्ध. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही. त्यातली बहुतेक वर्षे महायुद्धाने खाल्ली. मर्चंट तेव्हा चोवीस ते चौतीस वयाचे होते. फलंदाजाच्या आयुष्यातली हीच पिकाची वर्षे! शेवटच्या कसोटीत त्यांनी १५४ धावा केल्या, क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि खेळ थांबला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ होती. या पिढीत तो आकडा ब्रॅडमनच्या खालोखाल येतो. मुंबईच्या निर्जीव खेळपट्ट्यांवर धावा स्वस्त होत्या, असे यावर म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण १९४६ च्या ओल्या इंग्लिश उन्हाळ्यात याच गृहस्थांनी दौऱ्यावर २३८५ धावा केल्या, त्याही ७४.५३ च्या सरासरीने. तिथल्या खेळपट्ट्या ब्रेबॉर्नच्या नव्हत्या.

हजारे सांगलीचे. त्यांची पहिली कसोटी १९४६ ची, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. म्हणजे युद्धाने त्यांनाही सोडले नाही. या दोघांची गाठ १९४३ च्या पंचरंगी सामन्यांत पडली. हजाऱ्यांनी आधी २४८ धावांचा विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंटनी नाबाद २५० करून तो मोडला. मग फॉलोऑन मिळालेल्या ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्या हजाऱ्यांनी ३०९ केल्या. भाऊ विवेक याच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली. तीत विवेकच्या धावा होत्या २१! आणि सामना? डावाने हरले.

हजाऱ्यांच्या नशिबी हे पुनःपुन्हा आले. १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेडला लिंडवॉल आणि मिलर यांच्यापुढे त्यांनी ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ गडी बाद केले. भारताच्या २७७ पैकी निम्म्याहून अधिक हजाऱ्यांच्या. तीही कसोटी आपण डावाने हरलो. मर्चंट त्या दौऱ्यावर गेले नव्हते. म्हणून माझे मत विचाराल तर, कसोटीच्या आकड्यांपुरते मी हजाऱ्यांना वर ठेवीन आणि फलंदाजीच्या कसबात मर्चंटना. हे पटणार नाही असे लोक या सभागृहात असतील, असावेत.

आता सुनील गावसकर. १२५ कसोटी, १०१२२ धावा, ३४ शतके. वेस्ट इंडिजविरुद्धची १३ शतके तर आपण घरोघर अभिमानाने सांगतो. तिथेही धागा ओढून पाहू. १९७१ ची चार शतके झाली तेव्हा तो भयंकर तोफखाना तयार व्हायचा होता. १९७८-७९ च्या चार शतकांच्या वेळी पहिल्या प्रतीचे वेस्ट इंडियन खेळाडू पॅकरकडे गेले होते. मार्शल आणि होल्डिंग दोघेही समोर असताना झालेली शतके तीनच: १९८३ साली जॉर्जटाऊनला नाबाद १४७, त्याच वर्षी दिल्लीला १२१ आणि मद्रासला नाबाद २३६. तेरावरून तीन म्हणजे मोठी घसरण, असे कोणाला वाटेल. पण कानपूरला मार्शलने ० आणि ७ वर परत पाठविल्यानंतर, पुढच्याच कसोटीत, दिल्लीला या सलामीच्या फलंदाजाने ९४ चेंडूंत शतक केले. ते एक शतक मी १९७८ च्या चारांच्या बदल्यातही देणार नाही.

घरचा वाघ, हा आक्षेपही या दोघा मुंबईकरांना लागू पडत नाही. सचिनची मायदेशी सरासरी ५२.६७ आणि परदेशी ५४.७४. गावसकरची ५०.१६ आणि ५२.११. दोघांचीही बाहेर अधिक!

वेळ संपत आली आहे, म्हणून एकच डाव सांगतो. मार्च १९८७, बंगलोर, पाकिस्तानविरुद्धची कसोटी. खेळपट्टी फुटलेली, चेंडू हातभर वळणारा. जिंकायला २२१ धावा हव्या होत्या. गावसकरने ९६ केल्या. दुसऱ्या कोणाची मजल तिशीपर्यंत गेली नाही. आपण १६ धावांनी हरलो, आणि गावसकरची ती शेवटची कसोटी ठरली. चौतीस शतकांच्या यादीत हा डाव तुम्हाला सापडणार नाही.

अध्यक्षांची अनुज्ञा असेल तर आता श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत.