उन्हाळ्यात वजन नव्हे, घाई कमी करा

एप्रिल लागला की नागपूर-चंद्रपूरकडे पारा 42-44 अंशांवर जातो. कोकणात तो 34 च्या आसपास असतो, पण हवा दमट, अंगावरचा घाम वाळतच नाही. मग ताकदीचा व्यायाम करणारे अनेक जण एक ठरलेला बदल करतात. जड वजनं बाजूला ठेवायची आणि हलक्या डंबेलनी, मध्ये न थांबता, दणादण हात मारायचे. उन्हाळ्यात हलकाच व्यायाम बरा, असा त्यामागचा समज. मला हा बदल उलटा वाटतो. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातली साधारण 20 ते 25 टक्केच प्रत्यक्ष कामी येते, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे अंग किती तापेल हे दांड्यावर किती किलो आहेत यापेक्षा तुम्ही किती वेळ सलग राबता यावर जास्त ठरतं. सवयीच्या वजनाचे पाच स्क्वॉट मारून तीन मिनिटं बसलात, तर शरीराला निवायला उसंत मिळते. शंभर बैठका एका दमात काढल्या, तर ती मिळत नाही.

आणि हे निवणं होतं घाम वाळण्यातून. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच टपटप खाली गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून मुंबईत व्यायामाच्या जागी पंख्याचा वारा हवाच. विदर्भाच्या कोरड्या झळांत मात्र नुसता पंखा पुरत नाही, तिथे कूलर लागतो. दुपारी पत्र्याखालच्या जिममध्ये जाऊच नये. व्यायाम निवडतानाही शरीराची एक अडचण ध्यानात ठेवावी. उकाड्यात रक्त त्वचेकडे वळतं, पायांत साचतं, आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यामुळे जमिनीवरून उसळून उभं राहायला लावणारी बर्पी किंवा भरभर घातलेले सूर्यनमस्कार या दिवसांत नकोत. बसून किंवा आडवं होऊन करायचे प्रकार बरे. श्वास कोंडून जोर लावू नये. आणखी दोन-तीन वेळा उचलता येईल इतका दम शिल्लक असतानाच वजन खाली ठेवावं. जे नवशिके आहेत, त्यांनी नवं जड वजन उन्हाळ्यात आजमावू नये.

यावर कोणी म्हणेल, तालमीतले पैलवान उन्हाळ्यातही जोर-बैठका काढतातच की! काढतात, पण पहाटे, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने. उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी त्यांच्याइतका व्यायाम करू पाहणाऱ्याजवळ यातलं काहीच नसतं. दुसरा आक्षेप असा, की घाम गाळला तरच चरबी झडते. व्यायामानंतर काट्यावर जो एक किलो कमी दिसतो, तो जवळपास सगळा पाण्याचा असतो आणि तो लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पिऊन भरून काढायचा असतो. व्यायाम कमी केला तर कमावलेली ताकद जाईल, ही भीती मात्र समजण्यासारखी आहे. तरीही वजन तेच ठेवून सेट निम्म्यावर आणले आणि आठवड्यातून दोनच दिवस व्यायाम केला, तरी ताकद कित्येक आठवडे टिकते. मे महिना निभावायला तेवढं पुरे.

डोकं दुखू लागलं, मळमळलं, अंगावर काटा आला, की तिथेच थांबा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.