वाड्यातला सातबारा



आजच्या व्याख्यानाचा विषय मी मागून घेतला आहे. गेल्या दहा वर्षांत मराठी वाहिन्यांवर गावाकडच्या घरांच्या आणि प्रेमांच्या ज्या मालिका झाल्या, त्या आपण रोज संध्याकाळी पाहिल्या. त्यातल्या माणसांवरून ताटावर बसून वाद घातले. पण त्यांच्याबद्दल व्यासपीठावरून कुणी नीट बोललं नाही. 'बनगरवाडी'वर परिसंवाद होतात, 'गोतावळा'वर होतात, आणि ते व्हायलाच हवेत. मात्र या कादंबऱ्या वाचणाऱ्यांच्या कितीतरी पट माणसांनी 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेतला राणादाचा वाडा पाहिला आहे. त्या वाड्यात काय होतं आणि काय नव्हतं, ते आज मला सांगायचं आहे.

आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं उलगडणार नाही. वाहिनी जाहिरातीवर चालते आणि जाहिरात टीआरपीवर मिळते. बरीच वर्षं ही मोजणी शहरांपुरती होती. खेड्यातलं घर संध्याकाळी काय बघतं, याचा आकडाच कुणाच्या टेबलावर येत नव्हता. ऑक्टोबर 2015 पासून 'बार्क' या संस्थेने ग्रामीण भागाचे आकडेही द्यायला सुरुवात केली. आता पुढच्या तारखा पाहा. फेब्रुवारी 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' आली. ऑक्टोबर 2016 मध्ये कोल्हापूरजवळच्या वसगड्यात उभी राहिलेली 'तुझ्यात जीव रंगला' आली. 1 मे 2017 ला साताऱ्याच्या मातीतली 'लागिरं झालं जी' सुरू झाली. तिन्ही झी मराठीच्या. मधे एप्रिल 2016 मध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' चित्रपट येऊन गेला होता आणि गावाकडच्या बोलीत बोलणारं प्रेम सगळा महाराष्ट्र डोक्यावर घेतो, हे त्याने दाखवून दिलं होतं. याच वाहिनीने 1999 मध्ये, अल्फा मराठी या नावाने, 'आभाळमाया'पासून सुरुवात केली होती, म्हणजे मुंबईतल्या शिकलेल्या मध्यमवर्गीय घरापासून. पुढची कितीतरी वर्षं मराठी मालिका म्हणजे फ्लॅट, ऑफिस आणि देवघर. गाव तेव्हाही होतंच, फक्त मोजलं जात नव्हतं.

वेळही बघा. 'लागिरं' सात वाजता आणि 'तुझ्यात जीव' साडेसातला. गावात गुरांची धार काढून, हातपाय धुऊन माणसं घरात येतात ती ही वेळ. आपल्याकडे मुंबईत सात वाजता कमावता माणूस कुर्ला किंवा दादरच्या फलाटावर उभा असतो. घरी असतात आजी, आजोबा, आई. म्हणजे घरात गाव ज्यांच्या आठवणीत शिल्लक आहे, नेमकी तीच माणसं टीव्हीसमोर. भांडुप, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, दहिसर इथली असंख्य मराठी घरं मुळात कोकणातली, साताऱ्याची, कोल्हापूरची. बरीच गिरणगावातून इकडे आली. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद पडत गेले आणि खोल्या विकून कुटुंबं उपनगरांत सरकली. प्रत्येक गावाचं एक 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' असतंच. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आजही इथूनच जाते. म्हणून गावाकडची मालिका आपल्यासाठी दूरच्या मुलखाची करमणूक नाही. ती आपल्याच घरच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची गोष्ट आहे, आणि तिच्याकडून मागणी करायचा हक्क आपल्याला आहे.

या मालिकांनी एक मोठं काम केलं, त्याचं श्रेय मी मनापासून देते. त्यांनी गावाची बोली नायकाच्या तोंडी दिली. शहरी मालिकेत 'आलो जी, गेलो जी' करणारा माणूस म्हणजे गडी, ड्रायव्हर किंवा विनोदापुरता मामा. राणादा, म्हणजे हार्दिक जोशी, पैलवान आहे, शेतकरी आहे, फारसा शिकलेला नाही, आणि तो कोल्हापुरीत 'चालतंय की' म्हणतो तेव्हा कुणी त्याला हसत नाही. नाटकात हे आधी घडलं होतं. 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला हजारो प्रयोगांचं भाग्य दिलं. पण नाटकाला तिकीट काढून जावं लागतं. मालिका रोज घरी येते. आमच्या भागातली शाळकरी मुलं एकमेकांना कोल्हापुरीत हाक मारायला लागली तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण याच मुलांचे आईबाप शाळेत असताना गावाकडचा हेल लपवत होते.

'लागिरं'ने आणखी एक केलं. तेजपाल वाघ यांच्या लेखणीने आणि श्वेता शिंदे यांच्या निर्मितीने साताऱ्याकडच्या कलावंतांना मोठं व्यासपीठ मिळालं. नायक अजिंक्यच्या आजीची, जिजीची भूमिका करणाऱ्या कमल ठोके कराडकडच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या चेहऱ्यावर मेकअपपेक्षा आयुष्य जास्त होतं. नोव्हेंबर 2020 मध्ये त्या गेल्या तेव्हा कितीतरी घरांना स्वतःची आजी गेल्यासारखं वाटलं. सैन्यात भरती व्हायची ओढ, भल्या पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं, नंतर सीमेवरच्या नवऱ्याच्या फोनची वाट बघणारी शीतल, हे सगळं खरं होतं. सातारा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी गावं आहेत, अपशिंग्याच्या तर नावातच 'मिलिटरी' लागलं आहे. त्या घरांतल्या बायकांचं वाट पाहणं मराठी पडद्यावर इतक्या सविस्तर त्याआधी मी पाहिलं नव्हतं.

आता वाड्यात काय नव्हतं त्याकडे येते.

राणादाच्या, म्हणजे गायकवाडांच्या वाड्यात भांडण कशावरून होतं? घरची सून नंदिता, वहिनीसाहेब, गोड बोलून कारस्थान करते, तिला मालमत्ता हवी आहे. धनश्री काडगावकर यांनी ती भूमिका ताकदीने केली. पण गावातलं घर जेव्हा खरोखर फुटतं, तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या कारस्थानाने क्वचितच फुटतं. ते सातबाऱ्यावर फुटतं. बाप गेला की वारसनोंद होते. तिथे मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग बहिणींना बोलावणं जातं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असतं. बहीण सही करते, तिला साडीचोळी होते, ती सासरी परत जाते. केली नाही, तर भाऊबीज बंद. महाराष्ट्राने 1994 मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. 2005 मध्ये केंद्राने तो देशभर दिला. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की, मुलीचा हा हक्क जन्माने आहे, 2005 च्या दुरुस्तीवेळी बाप हयात असो वा नसो. त्या ऑगस्टमध्ये 'तुझ्यात जीव रंगला' चालू होती, ती जानेवारी 2021 मध्ये संपली. त्या निकालाचा साधा कवडसाही मला वाड्याच्या सोप्यात पडलेला दिसला नाही.

आणि हे भांडण फक्त गावचं नाही. सही मागायला येणारा भाऊ पुष्कळदा मुंबईचाच असतो. सातबाऱ्यावर त्याचं नाव असतं, शेत कसणारा दुसराच असतो, आणि एसटीने वर्षातून दोनदा गावी जाणारा हा माणूस वाटणीच्या वेळी पहिल्या रांगेत बसतो. आपल्या सभागृहात असे भाऊ आहेत आणि अशा बहिणीही आहेत. मालिकेने हे दाखवलं असतं, तर त्या रात्री आपल्या कितीतरी घरांत टीव्ही बंद झाल्यावर खरं बोलणं सुरू झालं असतं.

मालिकेला हे पेलत नाही, असं कुणी म्हणेल. इंग्लंडकडे पाहा. बीबीसीच्या नभोवाणीवर 'द आर्चर्स' ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची श्रुतिका 1 जानेवारी 1951 पासून देशभर सुरू झाली. महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती आणि शेतकऱ्यांपर्यंत नव्या पद्धती पोचवायच्या होत्या, म्हणून ती कृषी खात्याशी बोलून आखली होती, आणि ती आजही चालू आहे. दूरचित्रवाणीवर 16 ऑक्टोबर 1972 ला यॉर्कशरमधल्या खेड्याची 'एमरडेल फार्म' सुरू झाली, आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर अवघ्या दोन आठवड्यांनी. पहिल्याच भागात काय होतं? घरच्या कर्त्याची अंत्ययात्रा निघते, आणि शेत कुणाला मिळालं हा प्रश्न उभा राहतो. घर सोडून गेलेल्या थोरल्या मुलाच्या नावावर शेत झालेलं असतं आणि मागे राहून राबलेल्या धाकट्याच्या मनात सल राहतो. प्रेमं, लग्नं, दुरावे त्यानंतर आले आणि पन्नास वर्षं पुरले. जमिनीचा प्रश्न पायाशी असल्यामुळे ती माणसं कधी पोकळ झाली नाहीत. त्याच काळात आपल्या दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' होतं, ते चांगलंच होतं, पण त्यात शेती होती आणि घर नव्हतं. पुढच्या मालिकांत घर आलं आणि शेती निघून गेली.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ कोण गेलं असेल तर 'रात्रीस खेळ चाले'चं पहिलं पर्व. तिथे अण्णा नाईकांच्या मृत्यूपासूनच गोष्ट सुरू होते. मुंबईचा मुलगा माधव घरी येतो, वारसांची गाठ पडते, आणि अण्णांच्या बाहेरच्या संबंधातून झालेली सुषमा आपला वाटा मागत दारात उभी राहते. केवढी मोठी गोष्ट आहे ही! रहस्याने आणि भुताखेताने तिला झाकून टाकलं याचं मला आजही वाईट वाटतं. लोकांना भीती आवडली, पण मला खात्री आहे की सुषमाला काय मिळणार, हेही त्यांना तितकंच जाणून घ्यायचं होतं.

मालिकांत जमिनीचा प्रश्न का येत नाही, त्याचं उत्तर लेखकांच्या नीयतीत कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त आहे. आठवड्याला सहा भाग लागतात. दर गुरुवारी आकडे येतात आणि आकडे उतरले की ठरलेली गोष्ट वळवावी लागते. वाडा हाताशी असतो, त्यामुळे प्रसंग वाड्यातच घडवणं सोपं. तलाठ्याच्या कचेरीत, कोर्टात, ऊसतोडीच्या फडात जायचं तर अख्ख्या युनिटचा दिवस जातो. मग चार भिंतींत जे मावतं तेच कुटुंबाचं दुःख ठरतं: सुनेचा डाव, ऐकलेलं अर्धं बोलणं, लपवलेलं पत्र. दोष बाईच्या स्वभावाचा होतो आणि व्यवस्थेचं नाव कुणी घेत नाही.

प्रेमाचंही तसंच. 'लागिरं'मधला अजिंक्य गरीब, आईबापाविना वाढलेला, शीतल चांगल्या घरची, म्हणून अडथळा. गावात प्रेम अडतं ते बहुतेकदा पैशाच्या आधी जातीवर. 'सैराट'ने ते सांगितलं आणि त्याची किंमत शेवटच्या दृश्यात दाखवली. जुलै 2017 मध्ये महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू झाला, कारण जातपंचायती लग्नांवरून माणसांना वाळीत टाकत होत्या. तेव्हा 'लागिरं' रोज सात वाजता दिसत होती. पडद्यावरचं प्रेम आणि बाहेरचा कायदा एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात आले आणि एकमेकांना न भेटता गेले.

त्याहून खोल एक गोष्ट आहे. 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये शिकलेल्या अंजली पाठकबाई गावात शिक्षिका म्हणून येतात आणि भोळ्या शेतकऱ्याच्या प्रेमात पडतात. अक्षया देवधर यांनी ते प्रेम इतकं नितळ केलं की आपण सगळे त्यात गुंतलो. पण हीच मालिका ज्या जिल्ह्यात घडते, त्या कोल्हापूरचा 2001 च्या जनगणनेतला शून्य ते सहा वयोगटातला आकडा पाहा: हजार मुलग्यांमागे 839 मुली. 2011 ला तो 863 झाला. राज्याचा मात्र 913 वरून 894 वर उतरला. 2001 ला त्या वयोगटात असलेली बहुतेक मुलं ही मालिका संपताना लग्नाच्या वयाची झाली होती. वरून शेतीचा धंदा आतबट्ट्याचा, म्हणून आहेत त्या मुलींचे आईबापही नोकरीवाला, शक्यतो पुण्या-मुंबईचा जावई शोधतात. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तरुण मुलं नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेली, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून. लोकांनी ते मोबाइलवर गंमत म्हणून पाहिलं. मला त्या मुलांचे चेहरे पाहवले नाहीत. त्या तरुणांच्या घरी संध्याकाळी राणादा लागायचा, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल? पाठकबाई येणार नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. आणि न जन्मलेल्या मुली का जन्मल्या नाहीत, हे त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. गावातल्या कुटुंबाची आणि प्रेमाची आजची सर्वांत मोठी अडचण हीच आहे, आणि तिच्यावर हजार भाग होतील इतकी ती मोठी आहे.

मालिका लिहिणारी पुष्कळ मंडळी आपल्याच अंधेरी, मालाड, गोरेगावात राहतात. त्यांना मी एकच प्रसंग सुचवते. धाकट्या भावाच्या लग्नाचं जुळत नाही, मुलीकडचे जमीन किती ते विचारतात, म्हणून बहिणीने हक्क सोडावा असं घरात ठरतं. बहीण घाटकोपरला राहते, धुणीभांडी करून दोन मुलं शिकवते. दोघं दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर शेजारी बसले आहेत, कागद तिच्या मांडीवर आहे आणि नंबर पुकारायला वेळ आहे. दोघांचंही एकमेकांवर प्रेम आहे. यात खलनायिका कोण? हा एक प्रसंग आठवडाभर चालेल आणि कुणी जागचं उठणार नाही, असं मला वाटतं. श्रोत्यांमध्ये या क्षेत्रात काम करणारं कुणी असेल, तर असं का लिहिता येत नाही, ते प्रश्नोत्तरांत त्यांनी जरूर सांगावं. आणि ज्या भगिनींनी अशी सही केली आहे किंवा नाकारली आहे, त्यांनी आधी बोलावं, अशी माझी विनंती आहे.