दुखत नाही, म्हणूनच दाखवा

(ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाच्या पूर्वसूचना सांगाव्यात, अशी मला विनंती करण्यात आली आहे. अशा सात सूचनांची एक यादी फार वर्षांपासून प्रचारात आहे. न भरणारा व्रण, हाताला लागणारी गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव, बसलेला आवाज, गिळताना अडथळा, शौचाच्या सवयीत पडलेला फरक, तीळ वा चामखीळ यांत झालेला बदल, असे तिचे स्वरूप आहे. यादी खरी आहे. परंतु पाढ्याप्रमाणे पाठ केलेली यादी नेमक्या वेळी आठवतेच असे नाही. म्हणून आज मी एकाच गोष्टीवर भर देणार आहे. ती ही की, या रोगाचे पहिले चिन्ह बहुधा दुखत नाही.

आपल्याकडे दुखणे आणि आजार हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, आणि घोटाळा येथेच होतो. दाढ ठणकू लागली की मनुष्य मध्यरात्री डॉक्टरचे दार ठोठावतो. गालाच्या आत पांढरा चट्टा वर्षभर असला तरी तो कोणाला दाखवीत नाही. कर्करोग प्रारंभी वरच्या पातळ थरात असतो. तो खोल उतरून मज्जातंतूंपर्यंत पोहोचला, किंवा त्यात पू झाला, म्हणजे वेदना सुरू होते. तोवर पुष्कळदा मानेत गाठही आलेली असते.

एका बागाईतदाराच्या जिभेच्या कडेला लहानसा व्रण होता. चवथ होऊ दे, म्हणून तो थांबला. मग भातकापणी आली, त्यानंतर गावची जत्रा. जेवण गिळेनासे झाले तेव्हा तो आमच्याकडे आला. प्रारंभी जे काम लहान शस्त्रक्रियेने झाले असते, त्यासाठी जिभेचा मोठा भाग काढावा लागला आणि वर किरणोपचार घ्यावे लागले. हा गृहस्थ आळशी नव्हता, अडाणीही नव्हता. त्याला दुखत नव्हते, एवढेच.

आपल्या देशात अधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा हे तीन अशा जागी होतात की तेथे डोळा किंवा हात पोहोचतो. तोंडाचे तर आरशात पाहता येते. चूळ भरून, कवळी असल्यास ती काढून, उजेडात उभे राहावे. ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू पाहावी. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, कारण नसता हलू लागलेला दात, यांपैकी काही आढळल्यास दाखवावे. लाल चट्टा पांढऱ्याहून अधिक धोक्याचा, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हेही पाहावे. सुपारीच्या सवयीने गालाची त्वचा आतून ताठ होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. पुष्कळांना वाटते की तंबाखू नसली म्हणजे नुसती सुपारी निरुपद्रवी. तसे नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारीलाच कर्करोगकारक ठरविले आहे.

गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली धुमटी ओढण्याची रीत होती, आणि काही जण तिचे जळते टोक तोंडात धरीत. पाच हजारांवर ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेली यासंबंधीची एक पाहणी १९७६ साली प्रसिद्ध झाली होती. अशा व्यसनात टाळूला इजा होते, आणि टाळू तर आपण सहसा पाहतच नाही. मशेरी लावणाऱ्या भगिनींनी ती जेथे दाबून धरतात ती हिरडी व ओठाची आतली बाजू पाहावी.

तोंड तपासण्यास डॉक्टरच हवा असे नाही, हे मी शिक्षकांसाठी सांगतो. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडे पाहिली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

आता भगिनींविषयी; हा विषय चारचौघांत काढला म्हणून कोणी संकोच मानू नये. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिसंबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव होणे, ही गर्भाशयमुखाच्या रोगाची चिन्हे असू शकतात. पाळी गेलेल्या स्त्रीला रक्त दिसले की 'पाळी परत आली' असे म्हणून घरात विषय संपविला जातो. तसे करू नये. मात्र या रोगात चिन्हाची वाटही पाहू नये, कारण पूर्वावस्थेपासून रोगापर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ जातो आणि त्या अवधीत बाईला काहीच जाणवत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन, व्हिनेगरमधील आम्लाचे पातळ द्रावण लावून ही तपासणी करण्यात आली. दूषित भाग पांढरा दिसतो, एवढेच तिचे तत्त्व. या रोगाचे मृत्यू त्यामुळे ३१ टक्क्यांनी कमी झाले. (व्हिनेगर आपल्याकडे घरोघर असते, परंतु हा प्रयोग घरी करावयाचा नाही.)

स्तनातील गाठही आरंभी दुखत नाही. गाठ लागणे, कातडी ओढली जाऊन खळी पडणे, बोंडी आत वळणे, तीतून रक्तमिश्रित पाणी येणे, हे दिसताच दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती कसली, हे हाताने चाचपून घरात ठरविता येत नाही.

तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, या समजुतीने किती रोगी परत जातात ते आम्ही पाहतो. रोग पसरतो तो दिवस गेल्याने. तुकडा तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही आणि उपचारही ठरत नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची या तिन्ही रोगांसाठी प्राथमिक तपासणी व्हावयाची असते. आपल्या आरोग्य केंद्रात त्याविषयी विचारावे. पुढील तपासणीची गरज भासल्यास बांबोळीला पाठविण्यात येईल. मिळालेली चिठ्ठी फडताळात न ठेवता त्याच आठवड्यात जावे. पंचायत कर्मचाऱ्यांना विनंती की, एकट्या वृद्धांबरोबर कोणी जाईल एवढे पाहावे.

सभा संपल्यावर मी शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहे. तेथे उजेड चांगला आहे. ज्यांना तोंड दाखवावयाचे असेल त्यांनी नळावर चूळ भरून यावे. भगिनींसाठी आतल्या वर्गात परिचारिकाबाई बसल्या आहेत.