आडात असेल तर पोहऱ्यात येईल



आज आपण बँकेविषयी चार गोष्टी बोलू. ऊस गेला, कापूस विकला, दुधाचा हिशोब झाला, की आपले पैसे खात्यावर जमा होतात. पासबुकात आकडा उमटतो. तो आकडा आता आपल्याला वाचता येतो. पण त्या आकड्यामागचे पैसे असतात कोठे? ते बुडू शकतात काय? बुडालेच तर भरून कोण देतो? हे आज समजून घेऊ.

पुष्कळांना वाटते, आपले पैसे बँकेच्या तिजोरीत आपल्या नावाने बांधून ठेवलेले असतात. तसे नसते. बँक आपल्या ठेवीतले बहुतेक पैसे दुसऱ्यांना कर्जाने देते. त्यांच्याकडून व्याज घेते आणि त्यातले काही व्याज आपल्याला देते. रोजच्या मागणीपुरते पैसे तेवढे ती हाताशी ठेवते. ठेवींचा काही ठराविक भाग तिला रिझर्व्ह बँकेत व सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो.

आता धान्याचा हिशोब करून पाहू. समजा, एका भल्या शेतकऱ्याकडे गावाने ९० पोती ज्वारी ठेवली. त्याची स्वतःची १० पोती होती. एकूण झाली १००. त्यातली ८० पोती त्याने गरजू लोकांना वाढीने दिली. घरात राहिली २०.

एके दिवशी गाव ३० पोती मागायला आले. घरात तर २०च. म्हणून तो बुडाला काय? नाही. सुगी झाली की ८० पोती परत येणार आहेत. कोणी १० पोती उसनी दिली की काम भागले. ही नुसती वेळेची अडचण. पोहरा रिकामा आहे, पण आडात पाणी आहे.

आता दुसरे पाहा. बाहेर गेलेल्या ८० पोत्यांतली ५ बुडाली. तरी गावाचे काही जात नाही. ती ५ त्याच्या स्वतःच्या १० पोत्यांतून जातात. बँकेचे स्वतःचे भांडवल असते ते ह्याचसाठी. तोट्याचा पहिला घाव भांडवलाने सोसायचा.

पण ३० पोती बुडाली तर? घरात २०, बाहेरून येणार ५०, मिळून ७०. गावाचे देणे मात्र ९०. त्याची १० गेली, ती गेलीच. वर गावाचीही २० गेली. आता कोणी कितीही उसने दिले तरी हिशोब जुळत नाही. हे खरे दिवाळे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

हे फार काळ लपवता येते, हीच खरी भीती. बुडालेले कर्ज वहीत ‘येणे’ म्हणूनच लिहून ठेवले, तर वही बघणाऱ्याला सारे ठीक दिसते.

असे खरोखर घडले आहे. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. बुडीत कर्जांनी ती आतून पोखरली होती. त्याच साली अकोल्याची लक्ष्मी बँकही बुडाली. देशभर ठेवीदार घाबरले. मग सरकारने कायदा केला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा दर ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंतची हमी होती. सहकारी बँका ह्या विम्यात पुढे आल्या.

अलीकडची गोष्ट मुंबईची आहे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. प्रथम हुकूम निघाला, की सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली. कोणाचे आजारपण होते, कोणाच्या घरी लग्न होते. पैसा आपला, पण हात लावता येईना. का हो असे झाले? वाटलेल्या कर्जापैकी शेकडा सत्तरांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम-गटाकडे अडकली होती, आणि ते वह्यांतून लपवले होते. सारी अंडी एकाच टोपलीत! जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांपर्यंतचे हप्ते आले.

तुम्ही विचाराल, पैसे काढायला बंदी कशासाठी? बंदी नसती, तर पुढे धावलेल्यांनी सारे नेले असते. मागच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना काहीच उरले नसते.

आता आपल्या कामाच्या गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट. ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा ५ लाख रुपये केली आहे. मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे ठेवले तरी सगळ्यांची बेरीज एकच धरतात. बँक वेगळी असेल, तर विमा वेगळा. विम्याचा हप्ता बँक भरते, आपण नाही. बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी, असा नियम २०२१ साली झाला.

दुसरी गोष्ट. हा विमा बँकांना आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकही त्यात येते. पण पतसंस्था आणि गावची विकास सोसायटी त्यात येत नाहीत. म्हणून ठेव ठेवण्यापूर्वी सरळ विचारा, “साहेब, इथे ठेव विमा महामंडळाचा विमा आहे का?” विचारायला लाजू नका. पैसा घामाचा आहे.

तिसरी गोष्ट. कोणी इतरांपेक्षा फारच जास्त व्याज देऊ लागला, तर आधी थांबा. इतके व्याज तो कोठून आणतो, हे विचारा.

चौथी गोष्ट. तुम्ही सहकारी बँकेचे किंवा संस्थेचे सभासद असाल, तर वार्षिक सभेला नुसते चहाला जाऊ नका. अहवाल हातात घ्या. थकबाकी किती, मागच्या साली किती होती, हे दोन आकडे वाचा. वाढले असतील तर उभे राहून कारण विचारा.

पाचवी गोष्ट. कोणी चावडीवर हूल उठवली म्हणून बँकेकडे धाव घेऊ नका. सगळे एकदम धावले, तर चांगल्या बँकेचाही पोहरा रिकामा होतो. आधी खरे काय ते विचारा.

ठेवीची पावती जपून ठेवा. तिच्यावर वारसाचे नाव लावा. घरातल्या माणसांना ती पावती कोठे आहे, हे सांगून ठेवा.

बँक विश्वासावर चालते. पण विश्वास ठेवायचा तो डोळे उघडे ठेवून. आता आपल्याला अक्षर कळते, आकडा कळतो. म्हणून अधूनमधून आडात डोकावत चला.